दुचाकीची नित्याची देखभाल घरी करावी की शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये?

टॅपेटवाला (धागाकर्ता)

नवीन गाडी घेतली की फ्री सर्व्हिसिंगची कुपने संपेपर्यंत शोरूम आणि त्यानंतर चौकातला मिस्त्री, हा आपल्या नागपुरातला सर्वसाधारण क्रम आहे. नित्याची देखभाल मात्र या दोघांकडेही न सोपवता मालकाने स्वतः करावी, असे माझे मत असून ते चर्चेसाठी मांडत आहे. इंजिन ऑइल बदलणे, चेन धुऊन तिला तेल देणे व तिचा ताण पाहणे, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, केबल, ब्रेकचे शू व पॅड आणि टॅपेट एवढी कामे मी नित्याच्या देखभालीत धरतो. इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडणे आणि फ्युएल इंजेक्शनमधील बिघाड शोधणे ही कामे यात येत नाहीत.

पैसे वाचतात हे खरे असले तरी माझा मुख्य मुद्दा पैशांचा नाही. यातली काही कामे सर्व्हिस सेंटरच्या वेळापत्रकात नीट होणेच अवघड असते, हा आहे. टॅपेटचेच उदाहरण घ्या. टॅपेट जुळवताना व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातील फट मिलीमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी लागते आणि इंजिन तापले की धातू प्रसरण पावून ती बदलते, म्हणून होंडाच्या अनेक गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये इंजिनाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली असतानाच ही फट तपासावी, अशी स्पष्ट सूचना असते. आता मे महिन्यातले नागपूर घ्या. आपण सकाळी दहाच्या सुमारास गाडी चालवतच सर्व्हिस सेंटरला नेतो, तासा-दीड तासाने ती रॅम्पवर चढते आणि त्या वेळी पत्र्याच्या शेडमधली हवाच चाळिशीच्या पुढे गेलेली असते. ते इंजिन दिवसभरात पस्तीस अंशांवर येणार कसे? मेकॅनिक मग कानाने आवाज ऐकून स्क्रू फिरवतो. घरी मात्र रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला पहाटे साडेपाच वाजता फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावता येतो.

चेनच्या बाबतीत तर वादच नसावा. बहुतेक मॅन्युअल दर ५०० किलोमीटरच्या आसपास चेन साफ करून तेल द्यायला सांगतात आणि सर्व्हिसिंगची पाळी काही हजार किलोमीटरनंतर येते. मधल्या काळात सिमेंट रस्त्यांवरची धूळ त्या तेलात कालवली जाऊन चेन आणि स्प्रॉकेट झिजत राहतात. एअर फिल्टरचेही तसेच आहे. तेल लावलेला कागदी फिल्टर फुंकून साफ करायचा नसतो, मुदत संपली की बदलायचा असतो. तरीही त्याच्यावर कॉम्प्रेसरची हवा मारून तो परत बसवलेला मी अधिकृत आणि अनधिकृत अशा दोन्ही ठिकाणी पाहिला आहे.

विरोधी मते अवश्य मांडावीत.

वर्धारोडवासी

टॅपेटचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. गाडी आदल्या संध्याकाळी सर्व्हिस सेंटरला ठेवावी आणि सकाळी पहिल्यांदा टॅपेट पाहावेत, असे जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामांच्या नोंदीच्या कागदावर) लिहून घ्यावे. काम नीट होत नसेल तर ते नीट करून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे. प्रत्येक ग्राहकाने पाना हातात घ्यावा हे त्यावरचे उत्तर होत नाही.

माझा खरा आक्षेप ब्रेकला आहे. आपण ब्रेक पॅड सहजपणे नित्याच्या यादीत टाकले आहेत. पॅड बदलताना कॅलिपरचा पिस्टन मागे दाबला की वरच्या टाकीतले ब्रेक फ्लुइड चढते आणि बाहेर सांडले तर रंग खाते. नवे पॅड बसल्यावर लिव्हर दाबून दाबून पिस्टन पुन्हा पॅडला टेकवावा लागतो, नाहीतर पहिल्याच वळणावर लिव्हर थेट मुठीला लागतो. पॅडवर ग्रीसचे बोट लागले तरी ब्रेक बिघडतो. शिवाय १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले आहे आणि त्याच्या, ब्रेकचा दाब कमी-जास्त करणाऱ्या मॉड्युलेटरमध्ये हवा शिरली तर काही गाड्यांत ती काढायला कंपनीचे स्कॅन टूलच लागते. व्हिडिओ पाहून शिकलेल्या माणसाने ही जोखीम का पत्करावी? रस्त्यावर तो एकटाच नसतो.

चेनसंबंधी एक इशारा येथे द्यायलाच हवा. मुख्य स्टँडवर गाडी लावून, गिअर टाकून, इंजिन चालू ठेवून चेनला फडके लावणारे लोक मी पाहिले आहेत. अशा वेळी चेन आणि स्प्रॉकेट यांच्यात बोट सापडले तर ते तुटते. चाक हातानेच फिरवावे, एवढी साधी गोष्ट घरी काम करणाऱ्यांना कोणी सांगत नाही.

आणि जुन्या ऑइलचे आपण काय करता?

टॅपेटवाला (धागाकर्ता)

जुने ऑइल मी रिकाम्या कॅनमध्ये भरून ओळखीच्या मिस्त्रीकडे देतो. त्याच्याकडे पिंप असते आणि ते भरले की भंगारवाला घेऊन जातो. बेसिनमध्ये किंवा नालीत ओतणे हा गुन्हा समजावा, कारण आपल्या नाल्या शेवटी नाग नदीला मिळतात आणि नाग नदीचे पाणी कन्हान, वैनगंगा करत गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत जाते.

ब्रेकविषयी आपण सांगितलेली काळजी शंभर टक्के बरोबर आहे आणि ती सगळी अर्ध्या पानात मावते, हेच माझे म्हणणे आहे. पॅड बदलताना ब्रेकची लाइन उघडावीच लागत नाही, त्यामुळे एबीएसमध्ये हवा शिरण्याचा प्रश्न येत नाही. तो प्रश्न फ्लुइड बदलताना येतो.

वर्धारोडवासी

तो भंगारवाला ते पिंप कोठे नेतो, हे आपल्याला ठाऊक आहे का? घातक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल नोंदणीकृत पुनर्प्रक्रियेकडे जायला हवे. प्रत्यक्षात त्यातले पुष्कळसे स्लॅबच्या सेंट्रिंगच्या पाट्यांना लावायला बांधकामांवर विकले जाते, आणि काही मिस्त्री तेच गाळून चेनवर सोडतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरला निदान त्याची नोंद ठेवावी लागते.

जॉबकार्ड

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये काही वर्षे नोकरी केलेला माणूस म्हणून लिहितो. कोणत्या कंपनीचे ते सांगणार नाही, आणि त्याची गरजही नाही, कारण पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच असते. आयटीआय करून आलेली मुले कामात वाईट नसतात. त्यांच्या वाट्याला एका गाडीमागे जो वेळ येतो तो वाईट असतो. दिवाळीच्या आधी आणि पहिल्या पावसानंतर रांग लागते, तेव्हा वॉशिंग, ऑइल, ब्रेक ॲडजस्ट आणि ट्रायल एवढे झाले की गाडी बाहेर काढतात. सुपरवायझरवर इंजिन फ्लश, टेफ्लॉन कोटिंग असल्या जोडकामांच्या विक्रीचे लक्ष्य असते. मॅन्युअलमध्ये ज्याचा उल्लेख नाही असे काम कोणी सुचवले तर नम्रपणे नाही म्हणावे.

तरीही टॅपेटवाला भाऊंना एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते, कारण ती ग्राहकाला दिसत नाही. कंपनीकडून वेळोवेळी सर्व्हिस बुलेटिन येतात. अमुक काळात बनलेल्या गाड्यांचा अमुक सेन्सर बदला, अमुक वायरिंगला आवरण लावा, ईसीयूचे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे) सॉफ्टवेअर नवे टाका, अशा स्वरूपाची ती असतात. गाडी सर्व्हिसिंगला आली की ही कामे पुष्कळदा ग्राहकाला न सांगता आणि पैसे न घेता होऊन जातात. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सरांचे प्रमाण वाढल्यामुळे याला अधिकच महत्त्व आले आहे. जो वर्षानुवर्षे गाडी घरीच पाहतो त्याच्यापर्यंत हे पोहोचत नाही. त्याने निदान चेसिस नंबर देऊन काही प्रलंबित काम आहे का, एवढे वर्षातून एकदा विचारून यावे.

त्रिमूर्तीनगरची

चर्चा सगळी चेनच्या गाड्यांची चालली आहे, म्हणून स्कूटरवालीचे दोन शब्द. स्कूटरला चेन नसते, पण बेल्ट, व्हेरिएटरचे (आपोआप गिअर बदलणाऱ्या भागाचे) रोलर आणि मागे थोडेसे गिअर ऑइल असते. इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि प्लग मी घरी बदलते. बेल्टचे झाकण उघडत नाही. काउंटरवर आम्हा बायकांना “मॅडम, इंजिनचं काम निघालं आहे” असे सांगून घाबरवायचा जो प्रकार असतो तो माझ्या बाबतीत थांबला, कारण आता मी जुना प्लग दाखवा म्हणते आणि तो पाहून मला काही कळते. माझ्या दृष्टीने सगळा फायदा यातच आहे.

अडचण जागेची आहे. आमच्या फ्लॅट स्कीममध्ये पार्किंगच्या टाइल्सवर ऑइलचा डाग पडला की सचिवांचा संदेश येतो. खाली जुना फ्लेक्स अंथरून काम भागवते.

कलम-पोटकलम

वॉरंटीचा विषय अद्याप कोणी काढला नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुट्या भागांच्या प्रकरणात सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला होता आणि केवळ बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले एवढ्या कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असाही निर्देश दिला होता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले असून त्याच्या चार क्षेत्रांत वाहने आहेत. म्हणजे वारा मालकाच्या बाजूने वाहतो आहे, असे म्हणता येईल.

परंतु हा आदेश काउंटरवर फडकावून काही उपयोग नाही. तो चारचाकी कंपन्यांसंबंधी होता आणि पुढे अपिलातही गेला. आपल्या दुचाकीच्या वॉरंटी पुस्तिकेत ठरावीक सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच करून घेण्याची अट जवळजवळ नेहमीच छापलेली असते. ती अट योग्य की अयोग्य हे जिल्हा ग्राहक आयोगापुढे मांडता येईल, पण तोवर इंजिनाचा खर्च खिशातून करावा लागेल. म्हणून वॉरंटी असेपर्यंत पुस्तिकेतले सर्व शिक्के घ्यावेत आणि त्याशिवाय घरी जे काही कराल त्याच्या ऑइलची, फिल्टरची बिले जपून ठेवावीत. पुस्तिकेत सांगितलेली ग्रेड वापरली, हे सिद्ध करायची पाळी आली तर ती बिलेच उपयोगी पडतात.

टॅपेटवाला (धागाकर्ता)

वॉरंटीबाबत साहेबांचे म्हणणे मान्य आहे, आणि माझ्या भूमिकेला त्याने बाधा येत नाही. शिक्क्याचे काम शिक्क्यापुरते शोरूममध्ये करावे. चेन, हवेचा दाब, केबलचे तेल आणि क्लचची ढील यांसाठी कोणी वॉरंटी नाकारत नाही.

ऑइलची ग्रेड निघालीच आहे म्हणून लिहितो. घरी ऑइल बदलणाऱ्यांनी कारचे उरलेले ऑइल दुचाकीत टाकू नये. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे तो घसरू लागतो. कॅनवर जॅसो एमए किंवा एमए-२ असे (दुचाकीच्या ऑइलचे मानक) लिहिलेले पाहूनच घ्यावे. ड्रेन बोल्टचा वॉशर प्रत्येक वेळी नवा टाकावा आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच) आवळावा, कारण क्रँककेस ॲल्युमिनियमचे असते आणि अंगच्या जोराने आवळल्यास आटेच निघून येतात. सर्व्हिस सेंटरमध्ये घाईत एअर गन लावून आवळलेले बोल्ट उघडताना मला पाइप लावून जोर करावा लागला आहे.

वर्धारोडवासी

टॉर्क रेंच, फिलर गेज, पॅडॉक स्टँड आणि पहाटे साडेपाचची वेळ इतकी तयारी जो ठेवतो त्याच्या गाडीची मला काळजी नाही. आपले मत वाचून उद्या जो पाना-पक्कड घेऊन बसेल त्याच्याकडे यातले काहीच नसणार, आणि आपण मात्र सर्वांसाठी नियम सांगत आहात. माझे म्हणणे एवढेच आहे.

फ्लुइडचे आपण स्वतःच वेगळे काढलेत ते बरे झाले, कारण घरच्या देखभालीत हमखास राहून जाते ते हेच काम आहे. ब्रेकचे डॉट-४ दर्जाचे फ्लुइड हवेतला ओलावा शोषते. नवे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो आणि पाणी मुरलेल्या फ्लुइडसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायला सांगितलेले असते. पॅड झिजले की आवाज येतो, चेन सैल झाली की खडखडते. फ्लुइड मात्र गाडी चालवताना शेवटपर्यंत काहीच लक्षण दाखवत नाही, आणि ते तारखेवरूनच बदलावे लागते. सर्व्हिस सेंटरच्या संगणकात ती तारीख असते. आपल्याकडे असेल तर उत्तम. नसेल तर जॉबकार्ड भाऊंनी सुचवलेल्या वर्षातल्या त्या एका फेरीत फ्लुइडही तिथेच बदलून घ्यावे.

जॉबकार्ड

एक भर घालतो. संगणकात तारीख असली तरी फ्लुइड बदलल्याशिवाय नुसती खूण केली जाण्याची शक्यता असते. टाकीच्या काचेतून फ्लुइडचा रंग गाडी देण्यापूर्वी पाहून ठेवावा आणि घेताना पुन्हा पाहावा. नवे फ्लुइड फिकट पिवळसर दिसते, जुने तपकिरी. मधल्या काळात बदल दिसत नसेल तर बिलातली ती ओळ तिथल्या तिथे कापून घ्यावी.