देशांच्या राजकारणात माणसांचा रागलोभ किती मोजायचा?

धागाकर्ता:
परराष्ट्र धोरणात फक्त हितसंबंध असतात, हे मला अर्धवट वाटतं. सप्टेंबर १९७८, अमेरिकेतलं कॅम्प डेव्हिड. इस्रायलचे पंतप्रधान बेगिन आणि इजिप्तचे अध्यक्ष सादात यांचं सुरुवातीलाच इतकं बिनसलं की पुढे अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर एकाच्या कुटीतून दुसऱ्याच्या कुटीत मसुदे नेत राहिले. तेराव्या दिवशी बेगिन निघून जायच्या बेतात होते. कार्टर सही केलेले फोटो घेऊन गेले, प्रत्येकावर बेगिन यांच्या एकेका नातवंडाचं नाव. नावं वाचताना बेगिन यांचे डोळे भरून आले. त्याच दिवशी समझोत्यावर सह्या झाल्या.

प्रतिसाद १:
असहमत. इजिप्तला इस्रायलच्या ताब्यातला सिनाई प्रदेश परत हवा होता, इस्रायलला दक्षिणेची सीमा शांत हवी होती. सादात यांची ऑक्टोबर १९८१ मध्ये हत्या झाली, तरी एप्रिल १९८२ मध्ये सिनाई इजिप्तला मिळालाच. माणूस गेला, करार टिकला. उलट १९१४ बघा. जर्मनीचा कैसर आणि रशियाचा झार नात्याने भाऊ. ‘विली’ आणि ‘निकी’ अशा घरगुती नावांनी तारा पाठवत होते, आणि १ ऑगस्टला जर्मनीने युद्ध पुकारलं.

प्रतिसाद २:
लाहोर बसयात्रा, फेब्रुवारी १९९९. त्याच उन्हाळ्यात कारगिल. आणखी काय सांगायचं?

धागाकर्ता:
प्रेमाने युद्ध टळतं असं मी म्हटलेलंच नाही. रागही भावनाच आहे. १९७१ घ्या. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना पाकिस्तानचे अध्यक्ष याह्या खान आवडायचे, इंदिरा गांधींबद्दल मात्र मनात अढी होती. ध्वनिफितींमध्ये त्यांनी आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी इंदिराजींना दिलेल्या शिव्या जगाने ऐकल्या आहेत. ढाक्यातले त्यांचेच कॉन्सुल जनरल आर्चर ब्लड मार्चपासून पाकिस्तानी लष्कराने पूर्व पाकिस्तानात चालवलेल्या कत्तलींबद्दल लिहीत होते. त्यांचं ऐकणं राहिलं बाजूला, त्यांनाच परत बोलावलं. लाखो माणसं मरत असताना एका अध्यक्षाला आपलाच अधिकारी परका वाटावा, हे मला आजही वाचवत नाही.

प्रतिसाद १:
तेव्हा याह्या चीनकडे जाण्याचा पूल होते. म्हणजे हितसंबंधच.

धागाकर्ता:
किसिंजर जुलैमध्येच गुपचूप पेकिंगला (आजचं बीजिंग) जाऊन आले. त्यानंतर चीनशी थेट बोलता येत होतं. मग डिसेंबरपर्यंत पाकिस्तानची बाजू घेण्याचा तोच हट्ट कशासाठी?

प्रतिसाद १:
मित्राला वाऱ्यावर सोडत नाही, हे चीनला दाखवायला. फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन तिथे जाणार होते. ब्लड यांच्याबाबत जे झालं त्याचं समर्थन मी करणार नाही, ते लाजिरवाणंच होतं. पण अमेरिकेची एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात आली आणि एकही गोळी न झाडता परतली. सूत्रं खरोखर रागाच्या हाती असती, तर ती तशी परतली असती का?