मदत हवी आहे: दोन कॅलिब्रेशनच्या मधल्या काळात मेगर, अर्थ टेस्टर बरोबर दाखवतोय हे आपल्यापुरतं कसं तपासायचं?

चिपळूणकर_वायरमन

नमस्कार मंडळी. चिपळूणला माझं लायसन्सधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं काम आहे. सोसायट्या, काजूचे कारखाने, लोट्याच्या एमआयडीसीतल्या लहान शेड, अशी कामं असतात. मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारा), अर्थ टेस्टर (अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजणारा), क्लॅम्प मीटर (वायरभोवती जबडा लावून करंट मोजणारा) दरवर्षी एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबमधून कॅलिब्रेट, म्हणजे प्रमाणाशी ताडून घेतो. सर्टिफिकेट फाइलला लागतं, स्टिकर मीटरवर चिकटतं. पण त्यानंतर वर्षभर तेच मीटर जीपमागे कुंभार्ली घाट चढतं-उतरतं, पावसात भिजतं, पोरांच्या हातून पडतं. स्टिकर मात्र तसंच असतं.

प्रश्न यातून पडला: परवा एका पंपाच्या मोटरचं इन्सुलेशन माझ्या मेगरवर १.२ मेगाओहम आलं. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या मेगरवर ०.९. आणि ५०० व्होल्ट डीसीला किमान १ मेगाओहम हा आपला निकष. म्हणजे मोटर पास की नापास, ते मीटर कोणाचं यावर ठरणार? दोघांच्याही सर्टिफिकेटची मुदत शिल्लक आहे. मालक माझ्या तोंडाकडे बघतोय.

दर वेळी मीटर घाटावर पाठवणं परवडत नाही, तेवढे दिवस काम बंद राहतं. तर कामावर निघण्याआधी इथेच तपासता येईल अशी काही पद्धत आहे का? खर्च कमी हवा, पण काम चोख हवं. माझ्या अहवालावर सही माझी असते.

ओहमकर

आधी त्या मोटरबद्दल. पंपाची मोटर ओलसर असू शकते, ती पंच म्हणून वापरू नका. वाइंडिंग १० अंशांनी तापलं की इन्सुलेशनचं रीडिंग साधारण निम्म्यावर येतं. शिवाय एकाने १५ सेकंदांत आकडा वाचला आणि दुसरा पूर्ण मिनिट थांबला, तरी फरक पडतो. दोन मेगरची तुलना करायची तर न बदलणाऱ्या वस्तूवर करा, म्हणजे रेझिस्टरवर.

ठरावीक किमतीच्या रेझिस्टरचा तपासणीचा डबा घरीच बनतो. १ टक्का मेटल फिल्म रेझिस्टर घ्या. तापमानाचा परिणाम १०० पीपीएम (दशलक्षात १०० भाग) प्रति अंश धरला, तरी २० अंशांच्या फरकाला ०.२ टक्के होतो. मेगरची स्वतःची अचूकता ३ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे तिकडे लक्ष द्यायचं कारण नाही.

लोक चुकतात ते व्होल्टेजमध्ये. पाव वॉटचा साधा रेझिस्टर साधारण २५० व्होल्टपर्यंतच चालवायचा असतो. १ मेगाओहमचा एकच नग लावून त्यावर ५०० व्होल्ट सोडले तर वॉटेज जेमतेम पुरेल (बरोबर ०.२५ वॉट होतात), पण व्होल्टेज झेपणार नाही. हळूहळू त्याची किंमतच सरकेल, आणि तुम्ही मात्र मीटरला दोष द्याल. म्हणून १०० किलोओहमचे दहा नग एकामागे एक जोडा. ५०० व्होल्टला प्रत्येकावर ५० व्होल्ट येतात. १००० व्होल्टच्या रेंजला १०० व्होल्ट आणि ०.१ वॉट. निवांत चालतं.

तसंच १० मेगाओहमच्या दहा नगांची १०० मेगाओहमची साखळी करा. मात्र कोकणात ती सांभाळावी लागेल. बोटाचा घाम किंवा सोल्डरिंगचा फ्लक्स बोर्डावर राहिला की पावसाळ्यात त्यावरूनच करंट सरकतो आणि १०० चे ८० दिसतात. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, प्लास्टिकच्या बंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, टर्मिनल एकमेकांपासून लांब ठेवा.

अर्थ टेस्टरला १ ओहम आणि १० ओहम पुरे. पी (व्होल्टेजचं) आणि सी (करंटचं) टर्मिनल शॉर्ट करून रेझिस्टरच्या एका टोकाला, ई (अर्थचं) दुसऱ्या टोकाला. चार टर्मिनलचा असेल तर ई बाजूचीही दोन्ही एकत्र करा. लो-ओहम कंटिन्युइटीला (वायर अखंड आहे का ते बघणारी रेंज) २०० मिलिअँपिअर वाहतो, म्हणून तिथे १ वॉटचे नग घ्या आणि लीड (मीटरच्या वायरी) झीरो करूनच, म्हणजे त्यांचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करूनच मोजा. ०.५ ओहमच्या रेझिस्टरवर क्लिपचा संपर्क ०.०५ ओहमने बिघडला तरी १० टक्क्यांची चूक होते.

घाटमाथा

सेल. आधी सेल बघा. मेगर कमी रेझिस्टन्सवर दाबला की जास्त करंट खेचतो, आणि उतरलेल्या सेलवर ५०० व्होल्ट टिकतच नाहीत. आकडा मात्र दिसत राहतो. नंतर लीड. वायर प्रोबच्या मुळाशी आतून तुटलेली असते, वरून कळत नाही. मीटर लावलेलं ठेवून लीड वाकवून बघा, आकडा नाचला तर लीड बदला.

सविता_चाकण

मी कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात हेच काम बघते. ओहमकर सरांचा डबा योग्यच आहे, पण डबा हे अर्धं काम, उरलेलं अर्धं वहीचं.

मीटर लॅबमधून आलं की त्याच आठवड्यात डब्याची सगळी रीडिंग घ्या. ती तुमची पायाभूत रीडिंग. नंतरची प्रत्येक तपासणी त्यांच्याशी ताडायची. रेझिस्टरवर काय छापलंय याला इथे महत्त्व नाही, कालच्यापेक्षा आज सरकलं का हे बघायचं. जमलं तर डबाही मीटरसोबत लॅबला पाठवा, म्हणजे त्याची किंमत कागदावर येते.

मर्यादा आधी लिहून ठेवा. आमच्याकडे पायाभूत रीडिंगपासून ५ टक्के सरकलं की मीटर कपाटात बंद. पण मर्यादेच्या आतही दिशा बघा. १.००, १.०१, १.००, ०.९९ हे ठीक. १.००, १.०१, १.०२, १.०३ असं एकाच बाजूला चाललं असेल तर ३ टक्केच आहे म्हणून गप्प बसू नका.

किती वेळा तपासायचं? याचं उत्तर तुमच्या कामात आहे. समजा आज डब्यावर मीटर नापास झालं. मग मागच्या चांगल्या तपासणीपासून आजवर त्या मीटरने केलेलं प्रत्येक काम संशयात येतं. महिन्यातून एकदा तपासत असाल तर महिन्याभराच्या साइट पुन्हा कराव्या लागतील. दर सोमवारी तपासलंत तर आठवड्याच्या. म्हणून प्रत्येक अहवालावर मीटरचा सिरीयल नंबर लिहाच, नाहीतर कुठल्या साइटवर परत जायचं तेच कळणार नाही. मीटर पडलं, भिजलं किंवा कोणी उसनं नेलं, तर वारावर न थांबता लगेच तपासायचं.

आणखी एक, कारण बऱ्याच जणांना वाटतं की वर्षाची मुदत लॅब देते. आयएसओ १७०२५ (कॅलिब्रेशन लॅबसाठीचं मानक) प्रमाणे ग्राहकाशी ठरलेलं नसेल तर सर्टिफिकेटवर पुढच्या कॅलिब्रेशनची शिफारस लॅबने करायचीच नसते. सर्टिफिकेट त्या दिवसाची स्थिती सांगतं. मुदत ठरवायची जबाबदारी वापरणाऱ्याची, आणि ती ठरवायला आधार तुमची हीच वही.

चिपळूणकर_वायरमन

ओहमकर सर, सविताताई, घाटमाथा, मनापासून आभार. सामान आणायला उद्याच माणूस पाठवतो. तुमच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही मेगर एकाच साखळीवर लावायचे, दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरशी बोललोय, तेही तयार आहेत. मोटर मात्र हीटर लावून सुकवायला घेतलीये. वाद मिटेपर्यंत ती चालवू नका, असं मालकांना लेखी दिलंय.

दोन शंका राहिल्या. क्लॅम्प मीटरचं काय करायचं? आणि आरसीसीबी (गळतीचा करंट आला की पुरवठा तोडणारा स्विच) टेस्टर, लूप टेस्टर (फेज ते अर्थ या पूर्ण वाटेचा रेझिस्टन्स मोजणारा) यांना रेझिस्टरचा डबा कसा लागू होणार?

ओहमकर

क्लॅम्प मीटर: इस्त्रीसारखा स्थिर लोड घ्या, सिरीजमध्ये मल्टिमीटरची १० अँपिअर रेंज. वॉटेजवरून करंटचा हिशेब करू नका, व्होल्टेज हलतं. वायरचे दहा वेढे करून सगळे जबड्यातून न्या. मल्टिमीटर ४.३ दाखवत असेल तर क्लॅम्पवर ४३ च्या आसपास यायला हवं. आधी जबड्याची तोंडं पुसा. धुळीचा कण अडकून फट राहिली की रीडिंग कमी येतं.

सविता_चाकण

लूप टेस्टरसाठी वर्कशॉपमधला एक सॉकेट ठरवून घ्या आणि त्याच सॉकेटवर, साधारण त्याच वेळी मोजा. ट्रान्सफॉर्मरवरचा भार बदलतो तसा आकडा थोडा हलणार, म्हणून इथे मर्यादा सैल ठेवावी लागते. आरसीसीबीसाठी ३० मिलिअँपिअरचा एक नग फक्त तपासणीसाठी बाजूला ठेवा आणि रेटेड करंटला ट्रिप व्हायची वेळ नोंदवा. वेळ ३०० मिलिसेकंदांच्या आत असायला हवी, पण तुम्हाला बघायचंय ते ती मागच्या नोंदीपेक्षा सरकली का. सरकली तर दोष टेस्टरचा की नगाचा हे एका नगावरून ठरत नाही, म्हणून दोन नग ठेवा. दोन्ही एकाच बाजूला सरकले तर टेस्टर लॅबला पाठवा.

फेज आणि अर्थमध्ये स्वतः रेझिस्टर जोडून आरसीसीबी पाडायचा प्रयोग कृपया कोणी करू नका. अर्थ कुठे तुटलेला असेल तर जोडलेल्या सगळ्या धातूच्या बॉडीवर जिवंत व्होल्टेज येतं.

चिपळूणकर_वायरमन

समजलं, तो प्रयोग आमच्याकडे कोणी करणार नाही, पोरांनाही सांगतो. दोन मेगरची साखळीवरची रीडिंग आली की इथेच टाकतो.