कुठे उठलात आणि कुठे बसून राहिलात?

गेल्या रविवारी एक सिनेमा लावला आणि चाळिसाव्या मिनिटाला उठून भांडी घासायला गेले. भांडी हा माझा जन्माचा शत्रू. तरी गेले, आणि नळाखाली हात धरल्यावर बरं वाटलं. तेव्हा जाणवलं, साडेतीन तारे, चार तारे हे सगळं ठीक आहे, पण आपलं खरं माप हेच. माणूस बसून राहिला की उठला?

म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारतेय. गेल्या दोन-तीन वर्षांतलं काय बसून पाहिलंत, कुणाबरोबर पाहिलंत, आणि कुठे उठलात? मालिका, सिनेमा, वेबसिरीज, काहीही चालेल. परीक्षण लिहू नका, छायाचित्रणावर बोलू नका (मला कळत नाही). घरातलं सांगा.

माझ्यापासून सुरुवात. 'वाळवी'. 2023च्या जानेवारीत नवऱ्याला ओढून नेला होता. "मराठी आहे, मग संध्याकाळी घरीच टीव्हीवर बघू" असं त्याचं म्हणणं. परेश मोकाशींच्या या सिनेमात खुनाचा बेत चाललाय आणि आपण हसतोय, आणि हसतोय म्हणून थोडी लाजही वाटतेय. शिवानी सुर्वे दातांची डॉक्टर झालीय. त्या सिनेमानंतर नवऱ्याने रूट कॅनाल दोन महिने पुढे ढकललं. नाव सिनेमाला का दिलंय ते शेवटी कळतं. इथे कुणी फोडलं तर बघा!

भाकरीचा_तवा

आमच्याकडे प्रश्न उलटा आहे. सासूबाई 'ठरलं तर मग' ही मालिका लागल्यावर उठतच नाहीत, उठावं लागतं ते मला. त्यांचं वय 78, कानाला मशीन, त्यामुळे आवाज इतका की खालच्या मजल्यावरच्यांनाही सायलीचं काय झालं ते ठाऊक असतं.

मी सुरुवातीला नाक मुरडायचे. मधुभाऊंची केस किती वर्षं चालावी? आमच्या सोसायटीची बिल्डरविरुद्धची केस त्याआधी मिटली, आणि ती मिटेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. खरी तन्वी कोण हे प्रेक्षकाला पहिल्यापासून माहीत आणि घरातल्यांना वर्षानुवर्षं पत्ता नाही. सासूबाईंना म्हटलं, "आई, हे लोक एकदा शांतपणे बसून बोलले तर सगळं संपेल." त्या म्हणाल्या, "आपल्या घरात तरी कोण बसून बोलतं?" पुढे मी काही बोलले नाही.

ऑगस्ट 2025मध्ये पूर्णा आजी करणाऱ्या ज्योती चांदेकर गेल्या. बातमी मीच सांगितली. सासूबाईंनी टीव्ही बंद केला, देवापाशी दिवा लावला आणि आत जाऊन पडल्या. दोन दिवस मालिका नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "लाव. तिच्याशिवाय घर कसं दिसतं बघू." मी शेजारी बसले. पूर्ण भाग पाहिला. त्यानंतर नाक मुरडणं बंद केलं, हे कबूल.

पोहे_नको

मी चंद्रपूर जिल्ह्यातली, सध्या नागपूरला नोकरीला. 'स्थळ' पाहिला, मार्च 2025मध्ये, मैत्रिणीसोबत. थेटरात आम्ही धरून अकरा जण. (मोजले, कारण सुरू व्हायला वीस मिनिटं उशीर झाला.)

जयंत सोमलकरांनी आमच्याच भागातल्या डोंगरगावात हा सिनेमा केला, गावातल्याच लोकांना घेऊन. सुरुवातीला स्वप्न आहे. त्यात मुलीकडचे मुलाला बसवून प्रश्न विचारतात. लोक हसले. मीही हसले. मग तेच प्रश्न सविताला. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. पहिल्यांदा हसू येतं, दुसऱ्यांदा कमी येतं, आणि नंतर तो स्टूल नुसता दिसला तरी पोटात गोळा येतो.

माझे सात कार्यक्रम झाले. सात वेळा तीच साडी, कारण आईला वाटायचं ती शुभ आहे. सातही ठिकाणी नकार आला तरी साडीवरचा तिचा विश्वास गेला नाही. एका पाहुण्याने मला विचारलं होतं, "हॉबी काय?" मी म्हटलं वाचन. तो म्हणाला, "अजून?" जसं काही वाचन ही हॉबीच नाही.

सिनेमा संपल्यावर आईला फोन केला. म्हटलं, यवतमाळच्या त्या मंडळींना नाही म्हणून कळव. तिने विचारलं, "काऊन?" म्हटलं, सिनेमा पाह्यला. ती म्हणाली, "सिनेमा पाहून कोणी स्थळ मोडते का वं?"

मोडलं.

एसी_प्रेमी

गुलकंद. बायको हसली, मेव्हणी हसली, मी झोपलो. एसी उत्तम होता. समीर चौघुलेंचा काही दोष नाही, माझी नाईट शिफ्ट होती.

कुडाळचो_झील

'दशावतार' पाहिला तो मुंबईत, काकांबरोबर. काका पूर्वी नाटकात पखवाज वाजवायचे. मुद्दाम नेलं, आणि मुद्दाम बाजूला बसलो, कारण मला सिनेमापेक्षा त्यांचं तोंड बघायचं होतं.

माहीत नसलेल्यांसाठी: आमच्याकडे जत्रेत रात्री उशिरा दशावतारी नाटक उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं. संवाद लिहिलेले नसतात, रंगमंचावर सुचतील तसे बोलायचे. बायकांची कामं पुरुषच करतात. रात्रभर राजा झालेला माणूस सकाळी आपली ट्रंक आपणच उचलतो.

दिलीप प्रभावळकरांनी बाबुली मेस्त्री केलाय. दिसणं कमी होत चाललेला म्हातारा नट, मुलगा सांगतोय की बाबा आता पुरे. रंग लावायचा प्रसंग आला तेव्हा काका पुढे सरकले. त्यांचा हात मांडीवर चालत होता, ठेका. मध्यंतरात मी विचारलं, कसो वाटता? म्हणाले, "बरो आसा. पण हेंका घाम येना नाय." पेट्रोमॅक्सच्या उजेडात रंग लावून उभं राहिलं की घामाची धार लागते, ते त्यांना दिसलं नाही.

दुसऱ्या भागात सूड आणि मारामारी जरा लांबली. तिथे मी चुळबुळलो, काका नाही. संपल्यावर सगळी नावं सरकून जाईपर्यंत ते खुर्चीतच. सफाईवाला पोरगा झाडू घेऊन येऊन उभा राहिला, तेव्हा उठले. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. रात्री जेवताना फक्त म्हणाले, "माझो पखवाज खंय आसा रे?" तो 2009 साली विकला, हे त्यांना ठाऊक होतं.

लाटणं

'बाईपण भारी देवा'. आमचं अख्खं महिला मंडळ, 23 जणी, नऊवारी नेसून, 2023च्या जुलैत. मंगळागौरीच्या खेळांना थेटरात शिट्ट्या. वंदना गुप्ते आणि रोहिणी हट्टंगडी यांच्याकडे बघून मी माझ्या मोठ्या बहिणीला फोन करायचं ठरवलं, चार वर्षांचा अबोला होता.

पण खरं सांगू? रडून, नाचून, फोटो काढून रात्री साडेनऊला घरी आले तर सगळे टेबलाशी बसून माझी वाट बघतायत. कुकर मीच लावला, नऊवारीत. बहिणीला फोन मात्र केला. ती म्हणाली, "तूही तोच सिनेमा बघून आलीस ना?" ती आदल्या दिवशी बघून आली होती आणि फोन करू की नको करत बसली होती.

पाथरी_रोड

वेबसिरीज चालते म्हणालात म्हणून लिहितो. 'मानवत मर्डर्स', सोनी लिव्हवर, ऑक्टोबर 2024.

मी परभणी जिल्ह्यातला. 1972 ते 74 या काळात मानवतला बायका-मुलींचे खून झाले, गुप्तधनासाठी नरबळी. आमच्या लहानपणापर्यंत त्याची भीती शिल्लक होती. दुपारी शेताकडे एकटं गेलं की आजी म्हणायची, "मानवत होईल." गावाचं नाव तिने असं क्रियापदासारखं वापरलेलं. मानवतचे माझे मित्र यावर चिडतात, आणि बरोबर चिडतात. बाजारपेठेचं चांगलं गाव, कापसाला नावाजलेलं, आणि ओळख ही.

आशुतोष गोवारीकर तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी झालेत. संथ काम आहे, मला आवडलं. सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर यांनी बोली धरायचा प्रयत्न केलाय. आमच्या कानाला काही शब्द कोल्हापूरच्या एसटीने आल्यासारखे वाटतात, पण प्रयत्न आहे. दोन रात्रींत संपवली. तिसऱ्या रात्री मोटार चालू करायला शेतात जायचं होतं, लाईट रात्रीचीच असते. गेलो नाही. वय 41.

तीन_नंबर_चौकी

'आता थांबायचं नाय'. 1 मे 2025ला आला. दुसऱ्या आठवड्यात आमच्या जवळच्या मल्टिप्लेक्सला एकच खेळ उरला होता, सकाळी सव्वाअकराचा. कामगारांवरचा सिनेमा, आणि वेळ अशी की कुठलाही कामगार येऊ शकणार नाही. रजा टाकली. बाबांना नेलं. ते मुंबई महापालिकेत सफाई खात्यात होते, 31 वर्षं.

गोष्ट खरी आहे. पालिकेच्या कामगारांना एक साहेब दहावी व्हायला लावतात, मग रात्रशाळा, मोठ्या वयात पाटी-पुस्तक. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव, दोघांनी मस्करी सोडून काम केलंय.

बाबांची पहिली तक्रार: "गणवेश एवढा स्वच्छ?" दुसरी: पॉपकॉर्नचा भाव. त्यानंतर तक्रार बंद. बीजगणिताच्या प्रसंगाला लोक हसत होते, बाबा हसत नव्हते. बाहेर आल्यावर म्हणाले, आमच्या चौकीतही एकाने फॉर्म आणला होता, 1996ला. मी म्हटलं मला नको, पोराची फी भरायचीय.

ती फी माझी होती. हे मला सिनेमामुळे कळलं, 29 वर्षांनी. आम्ही वडापाव खाल्ला आणि बसने घरी आलो.

रिकामी_खुर्ची

लिहू की नको करत होतो. 'साबर बोंड', सप्टेंबर 2025, आईबरोबर. तिला एवढंच सांगितलं होतं की रोहन कानवडेंच्या या मराठी सिनेमाला अमेरिकेत सनडान्सला मोठं बक्षीस मिळालंय. वडील गेल्यावर मुलगा मुंबईहून गावी दहा दिवसांच्या सुतकाला जातो, आणि तिथे बाल्या भेटतो, लहानपणचा मित्र. मित्रापेक्षा जास्त.

आई हलली नाही. मीच दोनदा पाणी प्यायला बाहेर गेलो, तहान नसताना. परत येताना रिक्षात ती म्हणाली, "आई चांगली होती हं त्याची." सिग्नल सुटला. मग म्हणाली, "तुझा तो मित्र दिवाळीला येतोय का?"

(धागाकर्ती)

रिकामी_खुर्ची, आईंना माझा नमस्कार सांगा. आणि तो येतोय का, तेही कळवा.

चाळिसाव्या मिनिटाला सोडलेला सिनेमा कुठला, असं तिघांनी विचारलंय. सांगणार नाही. नवरा तो रोज थोडा थोडा बघतोय, म्हणतो शेवट चांगला आहे. आज त्याचा बासष्टावा मिनिट चालू आहे आणि भांडी पडलीयत.