नास्तिकता ही ओळख की नुसता नकार?

धंतोलीकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'देव नाही म्हणणं हा नुसता नकार, त्यावर माणसाची ओळख उभी राहत नाही.' नागपूरच्या माणसानं हे लिहावं? 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा देताना दिलेल्या 22 प्रतिज्ञांतल्या पहिल्या तीन काढून वाचा. ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती, सगळ्यांना नकार. लाखोंची ओळख तिथूनच सुरू झाली.

इतवारी: अर्धवट वाचू नका. त्याच प्रतिज्ञांत पुढे बुद्धाचा अष्टांगिक मार्ग आहे. त्यांनी सोडलं तसं धरलंही. तुम्ही काय धरलं? हिंदू विवाह कायदा मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी, ज्यू नसलेल्या जवळपास सगळ्यांना लागतो. कागदावर तुम्ही हिंदूच.

धंतोलीकर: कागद सरकारचा, माणूस नव्हे! 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करा. 30 दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सह्या. अक्षता लागत नाहीत.

इतवारी: आणि त्याच कायद्याचं कलम 21अ? दोघंही हिंदू असले तर वारसा पुन्हा हिंदू कायद्यानंच. सुटका कुठे झाली?

मेडिकल चौक: लग्नाचं सोडा, खरी कसोटी मेल्यावर लागते. देहदानाचा फॉर्म भरून कपाटात ठेवला की झालं असं वाटतं लोकांना. मृतदेह नातेवाइकांच्या ताब्यात असतो, ते अडले की फॉर्म रद्दीच. म्हणून साक्षीदार म्हणून पोरांच्याच सह्या घ्या. मृत्यू झाला की आधी डॉक्टरकडून कारणासह दाखला घ्या, मग मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागाला फोन करा. नेत्रदान करायचं तर डोळे सहा तासांच्या आत. अपघात, आत्महत्या, शवविच्छेदन झालेला देह घेत नाहीत. पुण्याहून मुलगी येईस्तोवर थांबतात, तिथेच घात होतो. मे महिन्यात आपल्याकडे 45 अंश. देह टिकवायला मांडीच्या धमनीतून फॉर्मेलिन सोडतात, पण देह कुजायला लागला, रक्त गोठलं की ते सगळीकडे पोचत नाही.

सावजी: देहदान करणारे आस्तिकही ढिगानं आहेत. दधीची ऋषी नास्तिक होते का? चांगुलपणाचा मक्ता तुम्हाला कुणी दिला?

मेडिकल चौक: मक्ता कोण मागतंय, भाऊ? आस्तिकाला दहावा-तेरावा तयार मिळतो. नास्तिकाला सगळं आधी ठरवून घरच्यांशी भांडावं लागतं. ती भांडणंच त्याला घडवतात.

इतवारी: ठरवावं लागतं, एवढं मान्य. नास्तिकतेचं श्रेय मात्र देणार नाही, ते माणुसकीचं. दाखला कुठल्याही डॉक्टरचा चालतो का?

मेडिकल चौक: नोंदणीकृत हवा. घरी मृत्यू झाला तर रात्री तोच मिळत नाही. आधीच बोलून ठेवा.