पापनिवेदन, कबुलीजबाब की नुसतं ‘सांगणं’?

ठाणे पश्चिम: शाळेच्या पालकसभेसाठी पॉक्सोवर (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) मराठी पत्रक करतेय. ‘धर्मगुरूसमोर दिलेला कबुलीजबाब’ हे शब्द सहशिक्षिकेला खटकले. त्या कॅथलिक आहेत. म्हणाल्या, हा पोलीस चौकीतला शब्द. दुसरा कोणता?

नेरूळ: त्यांचं बरोबर आहे. कबुलीजबाब आरोपीचा. ‘पापनिवेदन’ लिहा. कोकणी ख्रिस्ती घरांत ‘कुमसार’ म्हणतात.

ठाणे पश्चिम: आणि फादर ते कुणालाच सांगत नाहीत, त्याला ‘गोपनीयता’ चालेल?

नेरूळ: तोकडा पडतो. बँक खात्याची गोपनीयता कोर्टाच्या आदेशाने उघडते. हे बंधन मात्र चर्चच्या कायद्यातल्या कॅनन 983 नुसार कुठल्याही कारणासाठी मोडता येत नाही. जाणूनबुजून थेट मोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. मी ‘मौनबंधन’ म्हणेन. बंधन फादरवर आहे, सांगणाऱ्यावर नाही.

कळवा: मी वकील आहे, म्हणून लिहिते. पॉक्सो 2012 च्या कलम 19 मध्ये गुन्हा पोलिसांना कळवायचं बंधन आहे, आणि ते कुणावर, तर ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत. त्यातून धर्मगुरूंना वगळलेलं नाही. अशिलाने वकिलाला सांगितलेल्या गोष्टींना साक्षीच्या कायद्यात संरक्षण आहे, पापनिवेदनासाठी तसं कलम नाही. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. बाहेरही हा वाद पेटलेला आहे: ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने पापनिवेदनाची सूट काढली, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने 2025 मध्ये तसाच कायदा केला, तर फेडरल कोर्टाने पापनिवेदनात धर्मगुरूंना कळलेल्या गोष्टींपुरता तो रोखला.

पण ताई, माझा जीव दुसऱ्याच क्रियापदात अडकलाय. ‘मुलीने आईजवळ कबूल केलं की काका त्रास देतात.’ जबाबांत, बातम्यांत, घरातल्या बोलण्यात हे सर्रास येतं. कबूल करतो तो गुन्हेगार! ज्या मुलीवर अत्याचार झाला, तिने काय कबूल करायचं? ती चर्चमध्ये बोलली तरी ते तिचं पाप नव्हे. कृपा करून ‘सांगितलं’ लिहा.

नेरूळ: अगदी. आणि ‘तक्रार करा’ऐवजी ‘कळवा’ लिहिलंत तर? तक्रार म्हटलं की लोक पुरावा शोधत बसतात.

कळवा: हो, कलम 19 पुरावा मागत नाही. गुन्हा घडल्याचं माहीत असलं किंवा घडेल अशी भीती वाटली तरी कळवायचं. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला संरक्षणही आहे.

ठाणे पश्चिम: मग वाक्य असं करते: ‘मुलाने तुम्हाला काही सांगितलं, तर लगेच पोलिसांना किंवा 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा.’ पापनिवेदनाचा परिच्छेद त्याखाली येईल. उद्या छापायला देते.