मदत हवी आहे: क्रेसीच्या लढाईत क्रॉसबोंच्या दोऱ्या भिजल्यामुळेच जिनोआचे तिरंदाज हरले का?

नमस्कार,

२६ ऑगस्ट १३४६ रोजी उत्तर फ्रान्समधील क्रेसी येथे फ्रेंच राजाच्या पदरी असलेल्या इटलीतील जिनोआच्या भाडोत्री क्रॉसबोधाऱ्यांचा (क्रॉसबो म्हणजे खटका दाबून बाण सोडायचे आडवे धनुष्य) इंग्लिश लाँगबोंपुढे, म्हणजे हाताने ओढायच्या उंच धनुष्यांपुढे, टिकाव लागला नाही. त्याचे कारण असे सांगितले जाते, की लढाईआधी पावसाची जोरदार सर आली, तेव्हा इंग्लिशांनी दोऱ्या उतरवून कोरड्या ठेवल्या आणि क्रॉसबोंच्या दोऱ्या मात्र भिजल्या. झाँ द व्हनेत या समकालीन इतिवृत्तकारानेही भिजलेल्या दोऱ्यांचा उल्लेख केला आहे. तरीही एवढ्यावर समाधान होत नाही, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

लाँगबोची दोरी हाताने सहज उतरते, तर क्रॉसबोची आखूड, ताठ कमान वाकवून दोरी काढायला वेगळे साधन लागते, हे मान्य. परंतु ती दोरी जाड, अनेक पदरांची आणि मेण लावलेली असे. त्या काळच्या दणकट कमानी लाकूड, शिंग आणि स्नायुतंतू सरसाने जोडून केलेल्या असत आणि त्यांना ओल लागू नये म्हणून वरून भूर्जाची साल किंवा चर्मपत्र चढवीत. पोलादी कमानी १५व्या शतकात रुळल्यावरसुद्धा, पोलाद कडाक्याच्या थंडीत तडकण्याची भीती असल्यामुळे, थंड प्रदेशांतील शिकारी शिंगाच्या कमानींनाच पसंती देत. बर्फात आणि दमट रानात वापरले जाणारे हत्यार एका सरीने निकामी व्हावे, हे मला पटत नाही.

मला खरे कारण दुसरीकडे दिसते. क्रॉसबो ताणून, खटक्यात दोरी अडकवून शिकारी सावजाची वाट पाहत बसू शकतो. त्याला एकच नेमका बाण पुरतो. रणांगणावर मात्र पुन्हा ताणायला लागणारा वेळ जिवावर बेततो. लाँगबोधारी मिनिटाला दहाच्या आसपास बाण सोडत असता क्रॉसबोचे जेमतेम दोन-तीन सुटतात, आणि म्हणूनच जिनोआचे लोक पाविस नावाच्या मोठ्या ढालीआड उभे राहून हत्यार ताणीत. क्रेसीला त्या ढाली मागे सामानाच्या गाड्यांतच राहिल्या होत्या.

मेण लावलेली हेम्पची (भांगेच्या झाडाच्या वाखाची) किंवा जवसाच्या धाग्याची दोरी भिजल्यावर बाणाचा पल्ला नेमका किती घटतो, हे कोणी प्रत्यक्ष धनुष्यावर पाहिले आहे का? पारंपरिक तिरंदाजी करणाऱ्यांनी दोरीची जाडी आणि ती किती वेळ भिजली होती, हेही कृपया लिहावे. तसेच पाविस नसताना क्रॉसबोधारी उघड्यावर लढल्याची आणखी उदाहरणे कोणाला माहीत असल्यास तीही हवी आहेत.