स्टाउरब्रिजची सव्वा किलोमीटरची 'प्रायव्हेट' लाइन, रोजच्या अपडाउनला चालेल का?

चाफेकळी
मंडळी, नवऱ्याचं ऑफिस इंग्लंडात बर्मिंगहॅमला स्नो हिल स्टेशनच्या जवळ आणि घर आम्ही बघतोय स्टाउरब्रिजला, अगदी गावात. तिथे टाउन स्टेशन आहे पण तिथून बर्मिंगहॅमची गाडीच नाही, बसएवढा एक डबा येतो तो जंक्शनला सोडतो, मग पुढे मोठी गाडी. एजंट म्हणाला ही लाइन प्रायव्हेट कंपनी चालवते. मग तिकीट वेगळं काढायचं का? आणि एकच डबा म्हटल्यावर तो बंद पडला की झालंच ना?

रूळवेडा
तिकीट वेगळं नाही हो, टाउन ते बर्मिंगहॅम सरळ एकच निघतं. रूळ नेटवर्क रेलचे म्हणजे सरकारीच, आणि डबा चालवायला माणसं प्री मेट्रो ऑपरेशन्स नावाच्या छोट्याशा कंपनीची. 2009 पासून तीच चालवतेय, आधी लंडन मिडलंड या मोठ्या रेल्वे कंपनीसाठी, 2017 नंतर तिच्या जागी आलेल्या वेस्ट मिडलंड्स ट्रेन्ससाठी.
डबे दोन आहेत, एक धावतो, एक राखीव. क्लास 139 म्हणतात त्याला आणि माझ्या मते ब्रिटनमधली सगळ्यात भारी गाडी हीच (बायको हसते, हसू दे). साधं फोर्डचं गॅसवर चालणारं इंजिन, पण खरी गंमत खाली, साधारण अर्ध्या टनाचं एक चाक सतत फिरत असतं. पायाच्या शिलाई मशीनचं चाक पाय काढला तरी फिरत राहतं ना, तसंच. जंक्शनकडून गावाकडे चांगला उतार आहे, 67 फुटांना एक फूट, तर उतरताना ब्रेक लावला की ती ताकद चाकात जाते आणि परत चढताना तीच कामाला येते. म्हणून एवढ्याशा इंजिनात भागतं. तीन मिनिटांचा प्रवास, आठवड्याच्या दिवशी दर दहा मिनिटांनी गाडी, आणि लाइनवर दुसरी गाडीच नसते म्हणून क्रॉसिंगसाठी थांबणं वगैरे भानगड नाही.

अचलपूरकर
वाचून आमच्या विदर्भातली शकुंतला रेल्वे आठवली, पण मामला बरोबर उलटा. इथे रूळ सरकारी आणि चालवणारा खासगी, आमच्याकडे लाइन खासगी कंपनीची, किलिक निक्सनवाल्यांची, आणि चालवायची मध्य रेल्वे. मूर्तिजापूर-यवतमाळ 113 किलोमीटर, मूर्तिजापूर-अचलपूर 76. इंग्रजांनी कापसासाठी टाकलेली लाइन, स्वातंत्र्यानंतर सगळ्या रेल्वे सरकारजमा झाल्या, ही तेवढी राहून गेली आणि सरकार कंपनीला पैसे देत राहिलं. 1921 चं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत ओढत होतं बिचारं. फाटक आलं की गाडीतलाच माणूस खाली उतरणार, फाटक लावणार, गाडी पुढे गेली की उघडणार आणि पळत येऊन चढणार, तिकिटंही तेच लोक फाडणार. रुळावर पैसा कोण घालणार यावर मात्र कंपनी आणि रेल्वे दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे. गरीब माणसाची गाडी होती, एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त.

रूळवेडा
अचलपूरकर, म्हणूनच म्हणतो खासगी की सरकारी हा प्रश्नच अर्धवट आहे. डबा बिघडला तर कोणी बघायचं आणि रूळ खचला तर कोणी, हे कागदावर स्पष्ट पाहिजे. इथे ते आहे. सव्वा किलोमीटरसाठी मोठ्या कंपनीने मोठी डिझेल गाडी आणि तिचा स्टाफ अडकवून ठेवायचा म्हणजे महागच, आधी तसंच चालायचं. छोटा कंत्राटदार, छोटा डबा, दहा मिनिटांनी गाडी, लोक वापरतात.

चाफेकळी
शकुंतलेचं माहीतच नव्हतं, मस्त! पण माझं उत्तर अर्धंच मिळालं, दोन्ही डबे एकदम बसले तर?? आणि सासूबाई येणार आहेत, त्यांचे गुडघे दुखतात.

मिडलंडची_मावशी
अगं तेव्हा बस लावतात, आणि नाहीच आली तर चालत वीसेक मिनिटं, जाताना चढ आहे एवढंच. सासूबाईंना चालत नको नेऊस, टाउन स्टेशनला एकच फलाट, जिना-बिना काही नाही आणि बस स्टँड अगदी लागून, त्यांना तेच सोयीचं पडेल. फक्त घर फायनल करायच्या आधी शेवटचा डबा किती वाजता सुटतो ते टाइमटेबलमध्ये बघ, रविवारचं वेगळं असतं. नवऱ्याला उशीर होत असेल तर संध्याकाळी उतारच आहे, येईल की चालत.